वन्संची पाल

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. भाईंदरला राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाण्याच्या त्या तासाभरात घरातली बाई पिंपाशी उभी असते आणि फोन वाजला तर वाजू देते. मीही वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा हे उठले, आणि त्यांच्या "हो... हो... निघतो" एवढ्या बोलण्यावरूनच मला कळलं की हॉस्पिटलचा आहे. पिंप भरून वाहायला लागलं तरी मी नळाखाली हात धरून तशीच उभी राहिले. वन्सं घरात असत्या तर आतून म्हणाल्या असत्या, "मंगल, भरलेल्यात भरता येत नाही गं."

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, डॉ. इंदुमती आजरेकर. आपल्याकडे अणुविज्ञानाचं काम नुकतं कुठे सुरू होत होतं, तेव्हा त्यात शिरलेल्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रातून फोन आला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "बाईंचं नेमकं कार्य काय?" हे बहिणीच्या आठवणीने आधीच गहिवरलेले, त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मग मी फोन घेतला आणि म्हटलं, "त्या मोजायच्या." "काय मोजायच्या?" "जे दिसत नाही ते." त्याने आभार मानून फोन ठेवला. छापून आलं ते 'ज्येष्ठ शास्त्रज्ञ' एवढंच. त्यात चूक काही नव्हती, पण वन्संही नव्हत्या. म्हणून आता महिना उलटल्यावर मी लिहायला बसले आहे. मला अणूतलं कळतं असा कुणी गैरसमज करून घेऊ नये, शाळेत शास्त्राच्या पेपराला गणपतीला नारळ बोलणाऱ्यांतली मी.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वन्सं निवृत्त झाल्या, राहती सरकारी जागा सोडावी लागली, आणि लग्न केलेलं नसल्यामुळे जायचं कुठे हा प्रश्न आला. आम्ही गिरगावातली खोली विकून नुकतेच भाईंदर पश्चिमेला आलो होतो. दोन खोल्या जास्त मिळाल्या होत्या आणि खिडकीतून मिठागरं दिसायची. हे म्हणाले, "इंदूताई आपल्याकडेच येईल." सासूबाई घरात होत्याच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असं मी मनात म्हटलं. अणुशास्त्रज्ञ नणंद आमटीत मीठ कमी पडलं तर काय करेल, याचा काही अंदाज नव्हता. त्या टेंपोतून उतरल्या तेव्हा पुस्तकांच्या दोन ट्रंका, एक वेताची खुर्ची, आणि छातीशी गोधडीत गुंडाळलेली एक लाकडी पेटी. ती त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. सासूबाईंना वाटलं, लेक म्हातारपणी बाजाची पेटी शिकतेय.

संध्याकाळी वन्संनी पेटी टेबलावर ठेवली, वायरच्या टोकाला असलेली बोटभर जाडीची नळी खुर्चीच्या हातावर टेकवली आणि बटण दाबलं. टक्... टक् टक्... टक्. सासूबाईंनी झटकन जमिनीला बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "कृष्ण कृष्ण." कुणी काही बोलत असताना भिंतीवरची पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं, आणि तेव्हा असं बोट टेकवून देवाचं नाव घ्यायचं, ही आमच्या घरची जुनी रीत. वन्सं हसल्या. "आई, ही पाल नाही. किरण मोजायचं यंत्र आहे, मी बनवलेलं." सासूबाई म्हणाल्या, "चुकचुकते ना? मग पाल." नाव पडलं ते पडलं. पुढे वन्संना भेटायला मोठमोठी माणसं यायची आणि वन्सं मला आतून हाक मारायच्या, "मंगल, माझी पाल कुठे ठेवलीस गं?" पाहुण्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे व्हायचे.

ती नळी त्यांनी तरुणपणी बनवलेली होती. समुद्राकाठच्या पत्र्याच्या बराकीत त्यांचं काम चालायचं. परदेशातून यंत्रं मागवायला पैसे नसायचे, तेव्हा काच फुंकणाऱ्या कारागिराकडून नळी करून घ्यायची आणि तिच्या मधोमध केसाएवढी तार ओवायची. तारेवर धुळीचा कण बसला की नळी बाद. त्यामुळे ओवताना श्वास धरायचा. म्हातारपणीही सुईत दोरा ओवताना वन्संचा श्वास थांबलेला मी पाहिला आहे. अशा नळ्यांनी त्यांनी जे मोजलं, त्याबद्दल मी एकदा धीर करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "न्यूट्रॉन नावाचा एक पाहुणा असतो. तो अणूच्या दारात आला की कुठला अणू त्याला घरात घेतो, कुठला दारातून परत पाठवतो, आणि कुणाचं घर त्याच्या येण्याने फुटतं... हे मोजायचं." भेटायला आलेल्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने मला सांगितलं की अणुभट्टीचं काम चालू असताना कितीही हुशार माणसाने आकडा आणला तरी त्यांचे मोठे साहेब आधी एकच विचारायचे, "इंदूने रिकामं मोजलंय का?"

रिकामं मोजणं, हा वन्संचा धर्म होता. कुठलीही वस्तू मोजायची तर ती तिथे नसताना आधी मोजायचं. कारण जग कधी गप्प नसतं. भिंतीतली वीट, खालची जमीन, आपली हाडं, वरचं आकाश, सगळ्यांतून थोडंथोडं काही येतच असतं. त्याला वन्सं 'मुळातलं' म्हणायच्या. ते वजा केल्याशिवाय वस्तूचं स्वतःचं किती, ते कळत नाही. खालच्या मजल्यावरचे शाहभाई एकदा घाबरत वर आले, "दीदी, वो डब्बे से हमको कुछ होगा तो नहीं?" वन्सं पाल घेऊन त्यांच्याच घरी गेल्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या लाल ग्रॅनाइटच्या ओट्यावर नळी ठेवली. "शाहभाई, हमारे डब्बे से तो कुछ नहीं निकलता. आपका ओटा ज़्यादा बोलता है." ते आणखी घाबरले, तेव्हा वन्संनी तासभर बसून त्यांना मुळातलं समजावलं आणि दाट दुधाचा चहा पिऊन परत आल्या. घरातही तोच न्याय. सासूबाईंनी माझ्या फटकळपणाची तक्रार केली की वन्सं म्हणायच्या, "आई, मंगलचं मुळातलंच जास्त आहे. ते वजा कर, मग बोल."

एका हिवाळ्यात त्यांनी मला उत्तनजवळच्या पाली या कोळ्यांच्या गावाला नेलं. उत्तनच्या बसने आम्ही गेलो, मांडीवर पेटी. पालीला पाल घेऊन चाललोय, असा विनोद मी केला आणि त्यांनी तो ऐकून घेतला. किनाऱ्यावर अंतोन नावाचा एक कोळी जाळं सांधत बसला होता. वन्संनी त्याला थोडं आत नेशील का विचारलं. तो पेटीकडे बघत म्हणाला, "यात काय हाय, बाय?" "पाल हाय," वन्सं म्हणाल्या. "होडीत पाल न्हाय चालत," असं म्हणत तो हसला, पण नेलं त्याने. काठावर असताना पाल नेहमीसारखी चुकचुकत होती. होडी आत गेली तशी तिची चुकचुक विरळ होत गेली. अंतोनने वल्ही थांबवली. वन्सं हळूच म्हणाल्या, "मंगल, जमीन मागे राहिली. खालचं पाणी तिचं बोलणं वर येऊ देत नाही. आता ऐकतेस ते वरचं." मी विचारलं, "वरचं म्हणजे?" "आकाशाचं. कुठलातरी तारा फुटला, त्यातून निघालेलं. ते निघालं तेव्हा तू नव्हतीस, मी नव्हते, कदाचित माणूसच नव्हता... आणि आत्ता इथे पोचतंय." टक्... बराच वेळ काही नाही... टक्. अंतोनने छातीवर क्रूस काढला. मी हात जोडले. वन्सं नुसत्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी आयुष्यात अनेक देवळांत गेले, पण माझ्या अंगावर तसा काटा कधी आला नाही. ज्या बाईला मी रोज सकाळी चहात साखर किती म्हणून विचारत होते, तिची ओळख फार लांबच्या लोकांशी आहे हे मला त्या होडीत कळलं.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत मी आजारी पडले. हात थरथरायचे, छाती धडधडायची, कपडे अंगावर लोंबायला लागले. गळ्यातल्या ग्रंथीचं दुखणं निघालं. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, किरणोत्सारी आयोडीन प्यायला देऊ, ते गळ्यात जाऊन बसेल आणि आपलं काम करेल. काही दिवस लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही, एवढंच पथ्य. एवढंच? माझी रेवती तेव्हा सात वर्षांची होती. लग्नानंतर तेरा वर्षांनी झालेली, माझ्या कुशीत शिरल्याशिवाय न झोपणारी. अणू पिऊन आलेल्या आईने तिला जवळ घेतलं आणि तिला काही झालं तर? मी जाणार नाही म्हणून सांगितलं. हे म्हणाले, काही होत नाही. सासूबाई म्हणाल्या, देवावर हवाला ठेव. वन्सं एकट्याच 'काही होत नाही' म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आधी रिकामं मोजू."

त्यांनी वेताची रिकामी खुर्ची मोजली. मग मला बसवून गळ्याशी नळी धरली. मग रेवतीला बसवलं. पाल तिन्ही वेळा सारखीच चुकचुकली. "हे तुझं मुळातलं. पाल परत एवढ्यावर आली की सोडेन तुला," वन्सं म्हणाल्या. मी गेले आणि ते पाणी प्याले. घरी आले तेव्हा त्यांनी दारातच, हात लांब करून, नळी माझ्या गळ्याकडे धरली आणि पालीने नुसता आकांत मांडला. टकटक सुटी सुटी ऐकूच येईना. सासूबाई जमिनीला बोटं टेकवता टेकवता थांबल्या, "एवढे कृष्ण मला नाही गं म्हणता येणार." सगळे हसले आणि मी रडले.

मी वन्संच्या खोलीत राहिले, त्या बाहेर झोपल्या. रेवती उंबऱ्याबाहेर बसून मला शाळेतलं सांगायची. वन्सं म्हणाल्या होत्या, आठवड्याभरात निम्मं होईल, मग त्या निम्म्याचं निम्मं. रोज माझी अंघोळ झाली की त्या यायच्या, आधी खुर्ची, मग मी. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली. आता मुलीला जवळ घ्या म्हणाले. पण पाल अजून माझ्यापाशी जास्त बोलते हे मला ऐकू येत होतं, आणि माझे हात पुढे होईनात. रेवती रडून रडून उंबऱ्यावर झोपून जायची. मंगलच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं नातेवाईक म्हणायला लागले. वन्संनी त्यांना एकच उत्तर दिलं, "डॉक्टरचं बरोबर आहे. पण तिची भीती मोजूनच जाणार, सांगून नाही." ज्यांच्या आकड्यांवर जगातले शास्त्रज्ञ विसंबायचे, त्या बाई दोन-अडीच महिने रोज एका घाबरट भावजयीचा गळा मोजत होत्या, आणि त्याच निगुतीने.

मग एका दुपारी त्यांनी सासूबाईंना दाराबाहेर पाठ करून बसवलं. सासूबाईंचे कान तिखट, पालीची चुकचुक त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. "आई, पाल ऐक आणि सांग, मंगल खुर्चीत बसलीय की खुर्ची रिकामी आहे." वन्संनी मला खुणेने उठवलं. सासूबाई म्हणाल्या, "बसलीय." मी बसले. सासूबाई म्हणाल्या, "रिकामी." पुन्हा उठवलं. "बसलीय." त्यांचं चुकतच गेलं आणि वन्संचा चेहरा उजळत गेला. शेवटी त्यांनी पाल बंद केली आणि मला म्हणाल्या, "झालं, मंगल. तू नि रिकामी खुर्ची, काही फरक उरला नाही." असलं अभिनंदन जगात दुसऱ्या कुणी केलं नसेल. त्यांनी रेवतीला हाक मारली आणि स्वतः उचलून माझ्या मांडीवर दिली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. किती वेळ मी तिला सोडलं नाही, सांगता येणार नाही. वन्सं आमच्याकडे पाठ करून खिडकीतून मिठागरं बघत नळी पुसत होत्या, आणि पुसून झालेली नळी पुन्हा पुसत होत्या.

त्यांचं हृदय थकलं आहे हे गेल्या वर्षी कळलं. त्या कधी कण्हल्या नाहीत, कधी काही मागितलं नाही. हॉस्पिटलात नर्स नाडी बघायची तेव्हा हसून विचारायच्या, "बरोबर मोजलीस ना?"

दिवस झाले, माणसं पांगली. सासूबाई आता नव्वदीकडे झुकल्या आहेत. त्या लेकीच्या खोलीत जात नाहीत, उंबऱ्याशी भिंतीला टेकून पाठमोऱ्या बसतात. परवा दुपारी मी खोली झाडायला गेले. वेताची खुर्ची तशीच, बसून बसून मधे खोल झालेली. टेबलावर पाल. काय वाटलं कोण जाणे, मी नळी खुर्चीच्या हातावर ठेवली आणि बटण दाबलं. टक्... टक् टक्... टक्. वन्सं तिथे बसून वाचत असायच्या तेव्हा जशी चुकचुकायची, अगदी तशीच. काही फरक नव्हता. ज्या आवाजाने एकदा माझी मुलगी मला परत दिली, तोच आवाज आता मला ऐकवेना. बंद करायला मी हात पुढे केला, तेवढ्यात उंबऱ्याशी पाठमोऱ्या बसलेल्या सासूबाई, मान न वळवता, म्हणाल्या, "इंदू बसलीय."

त्या दुपारच्या खेळात त्यांचं चुकलं की आम्ही लगेच सांगत होतो. या वेळी मी काही सांगितलं नाही. पाल चुकचुकली. मी खाली वाकले, जमिनीला बोटं टेकवली आणि म्हटलं, "कृष्ण कृष्ण."