वरण गार, वरण गार

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. आवाज म्हणजे हवेतली कंपनं, आणि कंपनांना काहीतरी उगम हा लागतोच — हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. त्यामुळे आता तुम्ही माझी केलीत तर माझी तक्रार नाही.

आम्ही भोपाळला कोलार रोडवर राहतो, तिसऱ्या मजल्यावर. आधी आनंद नगरला होतो. बाबा तिथल्या कारखान्यात इंजिनिअर होते. तरुणपणी कॉलनीतल्या मित्रांबरोबर त्यांचा बँड होता. बँड मोडला, पण त्यातलं एक इंग्रजी गाणं बाबांनी जन्मभर धरून ठेवलं... जुनं, जगभर गाजलेलं रॉक. नाव सांगत नाही, नाहीतर खाली कमेंट्समध्ये त्याचीच चर्चा सुरू व्हायची. बाबांच्या मते त्या गोऱ्या पोरांनी ती चाल चर्चमधल्या प्रार्थनेवरून घेतली. आई नागपूरची, रीतसर गाणं शिकलेली. ती म्हणायची, "अहो, कसलं चर्च? हा सरळसरळ भूप आहे." हा वाद आमच्या घरात माझ्यापेक्षाही जुना.

त्या गाण्याच्या कोरसला दोन आवाज आहेत. आमच्या घरी दुसरा आवाज कुठून आला, ते सांगते. लग्न नवीन होतं. पानं वाढलेली, आणि बाबा गिटार सोडून उठेनात. आईने वैतागून त्यांच्याच तालात, वरच्या सुरात हाक दिली — वरण गार, वरण गार... ती हाक कोरसवर इतकी चपखल बसली की बाबांनी वाजवणं थांबवलंच नाही. त्या जागचे इंग्रजी शब्द आईने पुढे कधी शिकून घेतले नाहीत. जन्मभर वरणच. तेही फक्त घरात. मोबाइल पुढे केला की ती गप्प. त्यामुळे तिचा आवाज आमच्याकडे कुठेही रेकॉर्ड केलेला नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आई गेली आणि बाबांचं गाणं थांबलं. जेवणही. चहात बुडवलेली बिस्किटं, एवढंच पोटात जायचं. शर्ट अंगावर लोंबायला लागले. असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी रागावले, रडले, त्यांच्या आवडीचं करून वाढलं... पालथ्या घड्यावर पाणी.

त्या रविवारी दुपारी वरण घोटून ठेवलं आणि पाहते तर लिंबू नाही. खाली जाता जाता काय मनात आलं कोण जाणे, गिटार पुसून बाबांच्या मांडीवर ठेवली. वाजवू नका, नुसती धरून बसा, म्हटलं.

लिंबं घेऊन परत आले तर बाबा टेबलाशी बसलेले. वरण स्वतः गरम करून घेतलं होतं आणि भात कालवून जेवत होते. परत भात घेतला. मी लिंबू चिरून दिलं. विचारलं काहीच नाही — उगीच दृष्ट लागायची.

संध्याकाळी शेजारच्या भाभी आल्या. सागरहून नुकत्याच राहायला आलेल्या. आईला त्यांनी कधी पाहिलेलंही नाही. म्हणाल्या, "दीदी, आज दोपहर में सुना, आप इतना अच्छा गाती हैं, बताया नहीं कभी."

मी आणि गाणं! शाळेच्या प्रार्थनेत बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. मी तर तेव्हा खाली गेले होते, असं मी म्हटलं. भाभी गोंधळल्या.

"तो फिर अंकल के साथ कौन थीं? और दीदी... ये 'वरण गार' क्या होता है?"

वरण म्हणजे दाल आणि गार म्हणजे ठंडी, एवढं कसंबसं सांगितलं.

भाभी गेल्यावर बाबा आतून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"त्यांनाही ऐकू आलं?" ते म्हणाले, "मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. म्हणून बोललो नाही तुला."

मी माझ्या परीने सगळं तपासलं. टीव्ही बंद होता. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरं मराठी घर नाही. बाबांनी दोन आवाजांत गाणं शक्य नाही. उगम काही सापडला नाही... अजूनही नाही.

हल्ली बाबा रोज दुपारी ते गाणं म्हणतात. दुसरा आवाज पुन्हा आला नाही. कोरसशी आले की ते थांबतात, जरा कानोसा घेतात. मग गिटार खाली ठेवतात आणि वरण गरम आहे तोवर पानावर येऊन बसतात.