आप्पांच्या पंधरा पट्ट्या

मी ती रचना वाजवायला घेणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा आहे, असं आमच्या पियानोच्या बाईंचं मत होतं. "स्पर्धेला सोपं काहीतरी घे, नीट वाजव आणि खाली उतर," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी अकरावीत होते आणि डोक्यात भलतीच हवा होती. फोनवर एक परदेशी बाई ती रचना वाजवताना मी पाहिली होती. तिचा डावा हात असा काही उड्या मारत होता की मला दुसरं काही सुचेना. सोपं वाजवून नंबर काढणाऱ्यांचा मला तेव्हा राग यायचा. अजूनही येतो.

अडचण एवढीच होती की आमच्याकडे पियानो नव्हता. बाईंकडेही नव्हता. दोघींकडे एकसष्ट पट्ट्यांचे कीबोर्ड होते, आणि या रचनेतला डावा हात सारखा त्यांच्या बाहेर पडत होता. खालचे सूर आले की माझी बोटं सरळ टेबलावर आपटायची.

माझ्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, कोल्हापुरात मंगळवार पेठेत फर्निचरचं दुकान आहे. त्यांनी थोडे दिवस टेबलाचे हाल पाहिले आणि एका सकाळी मोजायचा टेप घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"किती पट्ट्या कमी पडत्यात?"

"डावीकडे पंधरा."

"एवढंच व्हय?" ते म्हणाले, जणू मी कपाटाला एक खण वाढवून मागितला होता.

त्यांनी प्लायवुडच्या पट्ट्या कापल्या, पांढऱ्यांना पांढरा सनमायका लावला, आणि देव्हाऱ्याच्या कामातून उरलेल्या काळ्या लाकडाच्या काळ्या पट्ट्या केल्या. पट्टी दाबल्यावर वर यायला हवी, म्हणून घरातल्या सगळ्या पेनांच्या स्प्रिंगा काढल्या. त्यानंतर आमच्या घरात धड लिहिता येईल असं एकही पेन उरलं नाही. सगळ्या पट्ट्या एका लाकडी पेटीत बसवल्या, ती पेटी कीबोर्डच्या डाव्या अंगाला घट्ट लावली आणि मी पहिला खालचा सूर दाबला.

ठक.

"झकास," आप्पा म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "ह्यांचा खरा आवाज कसा असतोय गं?"

खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून ते सूर ऐकूच यायचे नाहीत. पण मी ऐटीत म्हणाले, "स्टेजवर ऐका आता."

मग त्यांना तोच ध्यास लागला. दिवाण घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते सांगायचे, "पोरीसाठी पियानोच्या पट्ट्या केल्यात. आवाज स्पर्धेत येणार हाय." मी मुकाट सराव वाढवला, कारण आता नुसता माझा नंबर पणाला लागलेला नव्हता.

घराला त्या ठकठकीची सवय झाली. आई भाकरी थापताना पुढची ठक कधी येणार ते ओळखायची. मुरगूडची आत्या तर म्हणाली, "बाकीचं मला काय कळत न्हाय, पण ते ठकठक लई भारी. हलगी वाजल्यागत वाटतंय."

स्पर्धा कोल्हापुरातच होती. मोठा पियानो पुण्याहून टेम्पोनं यायचा होता. तो इतका उशिरा पोचला की स्पर्धकांचा सराव रद्द झाला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या पियानोसमोर बसले. तिसऱ्या रांगेत आई, आत्या आणि नवा शर्ट घातलेले आप्पा.

सुरुवात छान झाली. मग डाव्या हाताची पहिली उडी आली, आणि पियानोतून असा काही बेसूर गडगडाट झाला की परीक्षकांपैकी एकाच्या हातातलं पेन पडलं. पुढची उडी मारली, तर पुन्हा तेच. तिसऱ्या उडीला माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कीबोर्डच्या टोकाला प्लास्टिकची दोन इंची कड होती आणि आप्पांच्या पट्ट्या त्या कडेच्या पलीकडून सुरू व्हायच्या. माझ्या हाताला प्रत्येक उडी दोन इंच लांब मारायची सवय लागली होती. इथं मध्ये कडच नव्हती, त्यामुळे मी दर वेळी दोन पट्ट्या पुढं जाऊन पडत होते.

वाजवता वाजवता दोन इंच वजा करायचा मी प्रयत्न केला. काही उड्या साधल्या, बऱ्याच हुकल्या. शेवटी पियानोतला सगळ्यात खालचा सूर होता. मी जीव खाऊन हात टाकला. पट्ट्या संपल्या होत्या. बोट थेट पियानोच्या लाकडावर आदळलं.

ठक.

आणि तिसऱ्या रांगेतून आत्या ओरडली, "आलं बघ!" तिनं आणि आईनं अशा टाळ्या पिटल्या की सगळं सभागृह वळून बघायला लागलं.

नंबर येण्याचा प्रश्नच नव्हता. बाई म्हणाल्या, "डावा हात घरी ठेवून आली होतीस का?" आई म्हणाली, "सगळं बेस झालं, पण ठकठक एकदाच वाजलं की गं." मला हसूही येईना आणि रडूही येईना.

"काय चुकलं?" आप्पांनी विचारलं.

"घाबरले मी," मी म्हणाले. दोन इंचांचं त्यांना सांगायला जीभ रेटेना.

आप्पांनी खिशातून टेप काढला. तो त्यांच्याबरोबर लग्नालाही असतो. स्टेजवर जाऊन त्यांनी पियानोच्या डाव्या टोकापासून माप घेतलं, टेपकडे बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं.

"मधी कड न्हाय ह्याला."

"नाही."

"म्हंजे माझ्या पट्ट्या मी ऐकल्याच न्हाईत. भलत्याच वाजल्या."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरून पियानोच्या डाव्या टोकाशी नेला आणि त्यांची पहिली पट्टी दाखवली. त्यांनी बोट नव्या शर्टाला पुसलं आणि दाबली. मग दुसरी. मग तिसरी. पियानो न्यायला आलेला टेम्पोवाला दारातून म्हणाला, "पावणं, उरका की, पुणं गाठायचं हाय."

"पंधराच हायत," आप्पा म्हणाले.

प्रत्येक सूर पुरता विरेपर्यंत ते पुढची पट्टी दाबत नव्हते. शेवटच्या पट्टीवर बोट तसंच ठेवून ते माझ्याकडे वळले.

"हिला लाल पेनातली स्प्रिंग घातलती," ते म्हणाले.