बूट घ्यायला बसलेले सरदारजी

रिसोडला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवणारे हे सरदारजी भाव एकदाच सांगतात आणि मग दाढीवरून हात फिरवत गप्प बसतात. मी हमालीतून वर येऊन दोन ट्रॅक्टर घेतले. घासाघीस केल्याशिवाय खिळाही विकत घेत नाही. पण त्यांच्यापुढे माझं कधी चाललं नाही. दिवाळीआधी त्यांच्याकडचं बेअरिंग खराब निघालं म्हणून परत नेलं, तर भर गिऱ्हाइकांत म्हणाले, "हे माझं नाय. तू बदलून आणलं." तेव्हापासून त्यांची पायरी चढलो नाही.

परवा मित्राच्या लग्नाला गुरुद्वारात गेलो, तर दाराशी हेच. नवरदेवाचे सख्खे काका, पण मांडीवर फडकं घेऊन पाहुण्यांचा एकेक बूट पुसून फळीवर ठेवत होते. माझ्यापुढेही त्यांनी दोन्ही हात केले.

"राहू द्या. माझे मी ठेवतो."

"सेवा हाय भाऊ. दे."

"आधी तो शब्द मागं घ्या."

माझ्यामागे रांग खोळंबली. ते शांतपणे म्हणाले, "बेअरिंग माझंच होतं. मागून खोक्यावरचा नंबर पाह्यला मी."

"मंग मले सांगाले काय झालं होतं?"

"दुकानात चारचौघांत बोललो, तिथंच मागं घेईन. इथं कोनाले ठाव हाय? सोमवारी ये."

"गर्दीच्या टायमालेच येईन," मी म्हणालो आणि बूट त्यांच्या हातात दिले.