आत अडकलेली शटल

गाडी आत गेली आणि बाहेर आलीच नाही. शिरवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये, उसनी जाड जॅकेटं घालून आम्ही रॅकसमोर उभे होतो. सेल्सचे कुलकर्णी रिमोटची बटणं दाबत होते.

"येईल, येईल. थंडीत सिग्नल जरा वीक होतो."

डेमो आमच्यासाठी होता. आम्ही म्हणजे आष्ट्याचे बेदाण्याचे व्यापारी हारुणभाई, त्यांचा धाकटा भाऊ सलीम आणि मी. गोदामात माल कसा ठेवायचा, कसा काढायचा, हे ठरवून देणं माझं काम. याच कामात केस पांढरे झाले. भावांना नव्या कोल्ड स्टोरेजसाठी ऑटोमॅटिक सिस्टीम हवी होती. कोणती, यावर मीटिंगा चालल्या होत्या. त्याच स्लाइड्स, तोच गार झालेला चहा, तोच वाद.

शटल म्हणजे बॅटरीवर चालणारी चपटी गाडी. माल लाकडी पॅलेटवर रचलेला असतो. रॅकमधल्या अरुंद गल्लीत शटल रुळावरून पॅलेटखाली शिरते, तो उचलते आणि आत नेऊन ठेवते. साधी शटल एकाच गल्लीत पुढे-मागे जाते. जागा वाचते, पण मागचा माल हवा तर पुढचा सगळा काढावा लागतो. फोर-वे शटल आडवीही धावते, लिफ्टनं मजले बदलते, हवा तो माल लवकर काढून देते. मात्र सगळा कारभार कॉम्प्युटरवर. तो रुसला की पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत बसून राहायचं.

सलीमला साधी हवी होती, तीही खोल गल्ल्यांची. "मॅडम, जास्तीत जास्त माल बसला पायजे."

हारुणभाईंना फोर-वे. बेदाणा ज्या त्या शेतकऱ्याच्या नावानं वेगळा ठेवावा लागतो. "शेतकरी दारात हुबा, आन त्याचा माल पार मागं. त्याला काय सांगू? उद्या ये?"

दोघांचंही बरोबर होतं. माणूस अशानंच जास्त दमतो.

कुलकर्णींनी शेवटी रिमोट खिशात घातला आणि हाक मारली, "संतोष!"

संतोष तिथला टेक्निशियन, खंडाळ्याचा, चाळिशीचा गडी. त्यानं कमरेला दोर बांधला. हेल्मेट काढून बाजूला ठेवलं, कारण ते घालून गल्लीत शिरता येत नव्हतं. मग शिडी लावली.

"ह्यो कुठं चाललाय?" हारुणभाईंनी विचारलं.

"आत. रांगत जाऊन हुक लावतो. मग गाडी ओढून काढायची."

"आन त्याच्या डोक्यावर काय हाय?"

"माल," कुलकर्णी म्हणाले. "भाई, हे नेहमीचंच आहे."

"नेहमीचं हाय म्हणूनच इचारतोय. उतर रं गड्या खाली."

संतोषनं कुलकर्णींकडे पाहिलं. कुलकर्णींनी माझ्याकडे. मी विचारलं, "रेस्क्यू शटल कुठे आहे?" अडकलेल्या गाडीला ओढून आणणारी ही दुसरी गाडी.

"ऑप्शन होता. इथल्या कस्टमरनं घेतला नाही."

आमच्या कोटेशनमध्येही तो ऑप्शन होता. मागच्या मीटिंगमध्ये मी काढू नका म्हणत असताना सलीमनं त्यावर काट मारली होती. तो आता बुटांकडे बघत होता.

"पुण्यास्नं मागवा दुसरी गाडी," हारुणभाई म्हणाले. "तवर मी हितंच बसतो."

आणि ते खरंच दाराबाहेर एका रिकाम्या क्रेटवर बसले. आमची ऑर्डर अजून दिलेली नव्हती, म्हणून कुलकर्णींनी फोन लावला. दुपारी टेम्पोतून शटल आली. तिनं आतली गाडी निमूट ओढून आणली. संतोष दोर सोडत म्हणाला, "आत गेलं की गुडघं धरत्यात बगा." एवढंच.

परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट चढलो. मग सलीम म्हणाला, "मॅडम, ती दुसरी गाडी परत घाला."

"आन आपला मानूस आत जानार न्हाई. कवाच न्हाई," हारुणभाई म्हणाले. "फोर-वे घेतली तर?"

"तीही अडकते, भाई. सगळ्याच मशिनी अडकतात."

मी नवा लेआउट काढला. शटल साधी, पण गल्ल्या आखूड. एका गल्लीत एकाच मोठ्या शेतकऱ्याचा माल. थोडा माल असलेल्यांसाठी साधे रॅक. एक रेस्क्यू शटल. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कुलपाची जाळी. ऑर्डर कुलकर्णींच्याच कंपनीला मिळाली, पण अपेक्षेपेक्षा लहान. त्यांनी माझ्या बॉसकडे तक्रार केली.

"मॅडम, क्लायंटला घाबरवलंत का?" बॉसनी विचारलं.

"नाही सर. बंद पडलेली मशीन बघितली त्यांनी. दाखवली कुलकर्णींनी."

पहिल्याच सीझनमध्ये सलीमचा फोन आला. "मॅडम, अडकली."

मी आधी विचारलं, "आत कोण गेलंय?"

"कोन न्हाई. दुसरी घातली, आली भाईर. पन जागा लय कमी पडतीया बगा."

शिरवळच्या लोकांनी रेस्क्यू शटल घेतली का, हे मी कुलकर्णींना दोनदा विचारलं. विषय चालू आहे, म्हणाले.

विकणारा मशीन चालताना दाखवतो. ती बंद पडल्यावर आत कोण जातं, हे आपण विचारायचं असतं. यात फार अक्कल लागत नाही. पण इतक्या मीटिंगा झाल्या, त्यातल्या एकाही स्लाइडवर ते नव्हतं.