आर्लिसबाईंची दुसरी पट्टी

आर्लिस ब्रांडवोल्ड चुकल्या, असं कुणी म्हणालं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. एकोणीस वर्षं बाई विद्यापीठाच्या तळघरात, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत टायपिंग करत होत्या. चर्चच्या जेवणाला कुणी कुणाचं पातेलं उचलून नेलं हेही त्यांच्या ध्यानात असायचं, आणि ते त्या तोंडावर सांगायच्या. बायका त्यांना जरा टरकूनच असत.

१९६६च्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, त्या लोरेन डिव्हिगचा प्रबंध टाइप करत होत्या. लोरेन गवळ्याचा मुलगा, एकोणतीस वर्षांचा, पाच वर्षं घासून डॉक्टरेटच्या दाराशी आलेला. गुरुवारी तोंडी परीक्षा. पदवी मिळाली तर सप्टेंबरपासून कॉलेजात नोकरी, नाहीतर परत बापाच्या गाई.

प्रयोग साधा होता. यंत्राच्या फिरत्या नळकांड्यावर कागदाची पट्टी, आणि छोट्या खिडकीत शब्दांची जोडी. त्यातला ‘बरोबर’ शब्द पहिल्या वर्षाच्या मुलांनी सांगायचा. मग तीच जोडी पुन्हा दिसायची, बरोबर शब्दाखाली रेघ मारलेली. कुठला शब्द बरोबर, हे लोरेननं चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, त्यामुळे पाठ करण्याखेरीज इलाज नाही. सोळा जोड्या पक्क्या झाल्या की दुसरी पट्टी. जोड्या त्याच, फक्त रेघ आता दुसऱ्या शब्दाखाली. आधीचं शिकलेलं नंतरच्या शिकण्याला किती आडवं येतं, ते बघायचं होतं. आणि काय आश्चर्य, ते फारसं आलंच नाही! चाळीसच्या चाळीस मुलं दुसरी यादी झटक्यात शिकली. लोरेनचे मार्गदर्शक केसनिक सर तर आनंदानं जिन्यात शीळ घालत फिरत होते.

प्रबंधाच्या शेवटी जोडण्यासाठी बाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. पाच जोड्यांच्या रेघा नीट उलट्या होत्या. सहावी जोडी लगाम आणि बरणी. पहिल्या पट्टीत रेघ लगामखाली.

दुसऱ्या पट्टीतही लगामखालीच.

बाईंनी बोट खाली सरकवलं. सातवी तशीच, आठवी तशीच, थेट सोळावीपर्यंत. त्याआधी सहा महिने चाचण्यांसाठी पहिलीच पट्टी पुन्हा पुन्हा टाइप करून बोटांना वळण पडलं होतं, आणि पाच जोड्यांनंतर बोटं आपल्या जुन्या वाटेनं गेली होती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघा काही हलल्या नाहीत.

“लोरेन, अरे इकडे ये. आधी बस.”

“काय हो, आज सफरचंदाची पाई करपली की काय?”

“दुसरी पट्टी चुकलीय. अकरा जोड्या उलटवल्याच नाहीत मी.”

लोरेन हसला. मग पट्टी बघितली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. “अशक्य! आपण तपासली होती. तुम्ही मोठ्यानं वाचली, मी ऐकली.”

“तू यादी उघडली होतीस का?”

लोरेननं यादी उघडली नव्हती. नियम असा होता की ऐकणाऱ्यानं मूळ यादीवर बोट ठेवून ऐकायचं. ‘मला पाठ आहे, तुम्ही वाचा,’ असं म्हणून तो कॉफी पीत बसला होता. पाठ होती ती पहिली यादी. बाई ‘लगाम’ म्हणाल्या, यानं मान डोलावली. नंतर चाळीस मुलं ‘लगाम’ म्हणाली, आणि यानं चाळीस वेळा ‘बरोबर’ म्हणून खूण केली. एकदाही खटकलं नाही हो त्याला!

“तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं असतं?” तो एवढंच म्हणाला.

“मला कळलं असतं ना, बाबा.”

केसनिक सरांनी दोन्ही पट्ट्या बघितल्या. गुरुवारची परीक्षा रद्द. सप्टेंबरात नवी चाळीस मुलं, नवा प्रयोग. कॉलेजची नोकरी गेलीच. लोरेन बाईंना एका शब्दानं बोलला नाही, त्याचंच बाईंना जास्त लागलं.

दुपारी त्या नवी पट्टी करायला बसल्या. लोरेन मागे उभा होता. पाच जोड्या नीट झाल्या. सहावी आली. “बरणी, बरणी,” बाई स्वतःला बजावत होत्या. कागद सरकवला, रेघेची कळ दाबली, आणि रेघ उमटली लगामखाली.

“अगं आई गं!” बाईंनी हात चटका बसल्यासारखे मागे घेतले. लोरेन मूळ यादी वाचून दाखवायला पुढे झाला.

“तू नको वाचूस! तुझंही डोकं माझ्यासारखंच झालंय. जिन्यावर प्रिबिलबाई फरशी पुसतायत ना, त्यांना बोलाव. त्यांनी ही यादी कधी ऐकलेली नाही.”

प्रिबिलबाई ओले हात झग्याला पुसत आल्या आणि यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, “बरणी. स्वच्छ लिहिलंय की इथं. दिसत नाही होय तुम्हाला?”

आर्लिसबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्या कुणाला तरी म्हणाल्या, “पुन्हा एकदा सांगाल का?”