आधी बांधावरून फेरी

नव्वदच्या दशकात मी शिरूरला कृषी सहायक म्हणून नवाच रुजू झालो होतो. फळबागेत व्हायरस आल्याची तक्रार आली, की खातरजमेसाठी पुण्याहून रोगतज्ज्ञ डॉ. कमल गायकवाड मॅडम येत. पहिल्या भेटीत, शिरूरच्या एसटी स्टँडवर, माझा नमस्कार पुरता होण्याआधीच त्यांनी विचारले, "व्हायरस कुणी ठरवला? तुम्ही, की गावानं?" आज त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो, तर तोच प्रश्न आधी आठवला.

मॅडम थेट बागेत कधीच शिरत नसत. आधी बांधावरून पूर्ण फेरी, शेजारचे पीक पाहत. चहा निवला तरी चालेल, फेरी चुकणार नाही. आम्ही आपले घामाघूम होऊन मागे.

दौंडकडे हमीदमामा शेख यांच्या पपईची पाने दोरीसारखी बारीक होऊन वळली होती. शेजारी हातघाईवर आले होते. "उपटा, न्हाईतर आमच्याबी बागा जातील." मामांनी कुऱ्हाड काढूनच ठेवली होती. मॅडमनी फेरी घातली. उसालगतच्या ओळीच तेवढ्या बिघडलेल्या. फळांवर वलये नाहीत, देठांवर तेलकट रेघा नाहीत, म्हणजे व्हायरसच्या नेहमीच्या खुणाच नाहीत.

"उसात तणनाशक मारलं, तेव्हा वारं कुठलं होतं?"

सर्वांत मोठ्याने ओरडणारे उसाचे मालक एकदम खाली पाहू लागले. मॅडमनी त्यांना चारचौघांत एक शब्दही सुनावला नाही. "पानं तपासायला नेते. नवी पालवी येईपर्यंत कुऱ्हाड आत ठेवा," एवढेच मामांना म्हणाल्या. तपासणीत व्हायरस निघाला नाही; वाऱ्याने उडून आलेल्या तणनाशकानेच पाने वळली होती. पालवीही चांगली रुंद आली, आणि मामा अक्षरशः रडले.

काही वर्षांनी त्याच रानातल्या नव्या बागेची तक्रार आली. या वेळी मॅडमनी फळ हातात धरून त्यावरची वलये बोटाने दाखवली. पुढे तपासणीतही व्हायरसच निघाला. ते सांगायला त्या स्वतः आल्या. "मामा, या वेळी आहे हो." लोक म्हणाले, परत तपासा की. मामांनी हात वर केला. "तवा त्यांनी न्हाई म्हणून बाग राखली. आता व्हय म्हणत्यात, तर व्हय." पहिले झाड त्यांनी स्वतः पाडले. शेवटचे पडेपर्यंत मॅडम बांधावर उभ्या होत्या. शेजारच्या बागा वाचल्या.

मामा आता थकलेत. परवा त्यांनी निरोप धाडला, "मॅडमला सांगा, बांधावर कडुलिंब लावल्यात. फेरीला सावली हाय."

मॅडम, त्या सावलीतून अजून पुष्कळ फेऱ्या घालायला तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो.