तार कोण कापत होतं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीही पाहिल्या. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण आष्टी भागात असताना हाताळलेलं एक तार कापण्याचं प्रकरण मनातून जात नाही. कागदोपत्री ते किरकोळ होतं. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, एवढीच त्याची पायरी. माणसं हयात आहेत, म्हणून नावं कुणाचीच देत नाही.

सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत बसलो होतो. ठाणे अंमलदार एका बाईंना घेऊन आत आले. वय तिशीच्या आसपास, खांद्याला पिशवी, हातात काळ्या तारेचा वीतभर तुकडा. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, आमची तार परत कापली. अर्ज दिलता, कुणी आलं न्हाई."

बाईंचे आईवडील ऊसतोड कामगार. बाई मात्र बारावी शिकलेल्या. नवरा गावातल्या केबलवाल्याकडे कित्येक वर्षं लाइनमन होता. लग्नानंतर दोघांनी स्वतःचं फायबर इंटरनेट सुरू केलं. धंदा बाईंच्या नावावर. नवरा खांबावर चढायचा, बाई बसस्थानकाजवळच्या गाळ्यात बसून ग्राहक आणि तक्रारी सांभाळायच्या.

तोपर्यंत गावात तो एकच केबलमालक होता. मोठ्या कंपनीशी त्याचा करार होता आणि तो म्हणेल तो दर लोक देत होते. या दोघांनी कमी दर लावला तशी माणसं इकडे वळली. केबलमालकाने दर निम्म्यावर आणला. यांनीही उतरवला. मग त्याने नवीन जोडणी पावसाळाभर फुकट जाहीर केली. फुकटापुढे कोण काय करणार? गावातले ग्राहक एकेक करून परत गेले. यांच्याकडे उरल्या त्या बाहेरच्या वस्त्या, जिथे मोठी कंपनी तार न्यायला तयार नव्हती. त्या वस्त्यांवरची कर्ती माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. पोरं मागे राहतात. संध्याकाळी फडावरून आईबापांचा व्हिडिओ कॉल येतो, तेवढीच भेट.

"तार बंद पडली की पोरं माझ्या गाळ्यापुढं येऊन बसत्यात," बाई म्हणाल्या. "त्यांना काय सांगू मी?"

मी नोंद घेतली, तपासासाठी न्यायालयाची परवानगी मागितली. संशय कुणावर घ्यायचा हे उघडच वाटत होतं. केबलमालकाच्या माणसांपैकी एकावर मारामारीचा जुना गुन्हा होता. परवानगी आल्यावर त्याला बोलावलं. मला वाटलं होतं, गडी आढेवेढे घेईल. तो सरळ समोर बसला.

"साहेब, आमी कावून कापू? आमाला गरजच न्हाई. आमी फुकट देतोय. ते आज ना उद्या आपोआप बंद पडतेत."

खोटं बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो. हा एवढंच बोलून गप्प बसला. त्याच्या उत्तरात मला काही खोट दिसेना, आणि नेमकं तेच मला बोचलं.

खबर मिळाली ती बसस्थानकावरच्या एका फळविक्रेत्याकडून. कुणाच्या भानगडीत न पडणारा माणूस. मोसंबी तोलता तोलता हळू आवाजात म्हणाला, "साहेब, परवा दुपारी नाक्याच्या म्होरं खांबावर माणूस बगितला. शिडी लावून चढलेला, डोक्याला हेल्मेट. त्वांड न्हाई दिसलं. पर लई निवांत काम चाललं होतं बगा."

भर दुपारी, रहदारीच्या रस्त्यावर आणि निवांत. शिडी लावून खांबावर चढलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी काही विचारत नाही. पण चोराला हे माहीत असलं तरी त्याचे हात घाई करतात. हा घाई करत नव्हता.

मी दोन पंच आणि बाईंना घेऊन त्या खांबापाशी गेलो. नुकतीच परत कापलेली तार अजून जोडायची होती. पंचनामा करताना लक्षात आलं की काप अगदी स्वच्छ आहे, कोयत्याचा नाही. आणि दोन्ही टोकं खाली लोंबकळू नयेत म्हणून नीट गुंडाळून खांबाला बांधलेली होती. तारेचं वाईट करायला आलेल्याने तारेची एवढी काळजी का घ्यावी?

परतताना जीपमध्ये बाई नवऱ्याबद्दल बोलत होत्या. आवाजात कौतुक होतं.

"आमचे मालक लई हुशार हायेत, साहेब. तार कुठं तुटली ते शोधायचं मशीन बिघडलंय, दुरुस्तीला नगरला दिलंय. तरी मालक कुठं शोधत हिंडत न्हाईत. घरातून निघतेत ते सरळ तुटलेल्या जागेवर."

पुढे बसलेल्या हवालदाराने आरशातून माझ्याकडे पाहिलं. ती लाइन मैलोगणती लांब होती, शेतांतून आणि ओढ्यांवरून गेलेली. बाईंना आपण काय सांगितलं याची कल्पनाही नव्हती. त्या खिडकीतून बाहेर बघत खांब न्याहाळत होत्या.

दुसऱ्या दिवशी पुरवणी जबाबाच्या नावाखाली नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. सडपातळ माणूस, तळहातांना घट्टे. चहा मागवला, त्याने हात लावला नाही.

"तार तुटली की जागा कशी सापडते तुम्हाला?" मी विचारलं.

"मशीन लावतो, साहेब."

"मशीन तर नगरला आहे ना?"

मी आवाज चढवला नाही. तशी गरज नव्हती. तो स्वतःच बोलू लागला.

"शेटनी दर उतरवला तवा आमी बी उतरवला. त्यांनी फुकट केलं तवा मी हिला म्हणलं, बास करू. ही म्हणती, थोडा दम काढू, लोक परत येतेत. साहेब, त्यांचा दम आन् आमचा दम एक हाय का? शेटनी मला बोलवून घेतलं. म्हणले, तुझं तू बंद कर, मी तुला लाइनीवर मुकादम करतो. मी हो म्हणून आलो. पर हिला सांगायची हिंमत झाली न्हाई. वाटलं, सारखी तार तुटली तर हीच कटाळून म्हणंल, बंद करा."

"आणि त्या म्हणाल्याच नाहीत."

"न्हाई. तुमच्याकडं आली." तो रडला नाही. त्याने फक्त विचारलं, "तिला तुमी सांगणार का मी सांगू?"

केबलमालकालाही चौकशीला बोलावलं. तो वकील घेऊन आला, नमस्कार केला, ऐटीत बसला.

"साहेब, मी दर कमी केला, लोकांचा फायदा झाला. अनुभवी माणसाला नोकरी देऊ केली. तार काप असं मी कुणाला म्हणालो का? त्यालाच विचारा."

त्याला विचारलं होतं. तार काप असं खरोखरच कुणी म्हणालं नव्हतं. कायद्याच्या पुस्तकात त्या माणसाला लावण्यासारखं एकही कलम मला सापडलं नाही. एक संसार आणि एक धंदा त्याने बसल्या जागी मोडला होता, आणि मला त्याला दरवाजापर्यंत सोडायला जावं लागलं.

बाईंना नवऱ्यासमोरच सांगितलं. फिर्यादी त्या, आरोपी तो. त्यांनी ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"प्रत्येक वेळी तुमीच कापली?" एवढंच त्यांनी विचारलं. त्याने होकारार्थी मान हलवली.

"आन् जोडून आल्यावर मी तुमाला गरम भाकरी करून वाढायची."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, वस्तीवरची लाइन बंद हाय. ह्यांना आधी तेवढी जोडून येऊ द्या." हवालदाराबरोबर त्याला पाठवलं. त्याने ती जोडली. त्याने जोडलेली ती शेवटची तार.

पुढे न्यायालयात बाईंनी तडजोड केली, प्रकरण मिटलं. गाळ्याचं शटर बंद झालं. बाई नेकनूरकडे माहेरी निघून गेल्या. नवऱ्याला मुकादमकी मिळाली खरी, पण स्पर्धाच उरली नाही म्हटल्यावर मालकाला त्याची गरज उरली नाही. वर्षाच्या आत त्याला काढून टाकलं. गावातला दर पुन्हा चढला, आधी होता त्याहून वर. वस्त्यांवर मोठी कंपनी गेलीच नाही.

निवृत्तीनंतर एकदा नारायणगडाला दर्शनाला गेलो होतो. गर्दीत बाईंनीच मला ओळखलं. केस पांढरे व्हायला लागले होते. एका शाळेत स्वयंपाकाला जातात म्हणाल्या. नवऱ्याची चौकशी केली तेव्हा म्हणाल्या, "पुण्याकडं हाय म्हणतेत. मी इचारत न्हाई."

मला वाटलं, आता निरोप घेतील. पण त्या थांबल्या.

"साहेब, एक इचारू? तुमी कावून शोधून काढलं? केबलवाल्यानं कापली असंच मी समजून बसलते. धंदा तर तसा बी बुडणार होता. पर घरी गेल्यावर मला माझं माणूस होतं."

मी म्हणालो, तुमचीच फिर्याद होती.

"हो," त्या म्हणाल्या, "माझीच होती."

आयुष्यभर मी एकच समजत आलो की खरं बाहेर काढलं की आपलं काम झालं. नव्या अधिकाऱ्यांनाही तेच शिकवलं. या प्रकरणात मी खरं शोधलं, आणि ज्यांच्या सांगण्यावरून शोधलं त्यांच्याकडे उरलेलं एकमेव माणूस त्याच खऱ्याने काढून घेतलं. ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्याचं नाव कुठल्याही कागदावर आरोपी म्हणून आलं नाही. तपास चुकला होता असं मी आजही म्हणणार नाही. पण बाईंचा प्रश्न अजून मनातून जात नाही. त्या दिवशी त्यांनी नमस्कार केला, प्रसादाची पुडी पिशवीत टाकली आणि नेकनूरच्या गाडीकडे चालू लागल्या.